पाऊस मागावा केव्हा?

इस्रायलमध्ये जन्मलेल्या आपल्या मुलांना एक गोष्ट समजावून सांगणे कठीण जाते. जुलै महिन्यात किन्नेरेथच्या काठी सहलीला जायचा बेत ठरतो, डबे भरून होतात, आणि घरातली आजी हळूच विचारते, "अरे, छत्री घेतलीत का?" नातवंडे हसू लागतात. या देशात जुलैत पाऊस पडत नाही हे शाळेतल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पण आजीचा जन्म अलिबाग तालुक्यातला. तिच्या लेखी जुलै म्हणजे आषाढ, आणि आषाढात छत्री किंवा इरले घेतल्यावाचून उंबऱ्याबाहेर पडणारा माणूस वेडाच म्हणायचा.

आपल्या समाजाच्या इतिहासावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जहाज केव्हा फुटले, दावीद राहाबी कोण होता, दर्यावर्दी आले ते कोणत्या देशातून, या प्रश्नांवर वाद झाले आणि पुढेही होतील. प्रस्तुत लेखात वाचकांचे लक्ष एका साध्या बाबीकडे वेधायचे आहे. ती बाब म्हणजे पाऊस. आपल्या वाडवडिलांचा संबंध दोन पावसांशी होता. एक पाऊस त्यांच्या डोक्यावर पडत असे आणि दुसरा ते तफिलात मागत असत. या दोन पावसांचे महिने एकमेकांशी मुळीच जुळत नव्हते. प्रवासाला कधी निघावे, लग्न कधी काढावे, मांडव उघड्यावर घालावा की पडवीत, अशा रोजच्या बेतांत ही विसंगती शेकडो वर्षे त्यांच्या सोबतीला होती.

आधी डोक्यावरच्या पावसाविषयी. अलिबागेस वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तो येणार याविषयी कोकणातल्या माणसाच्या मनात शंका नसे. शंका असे ती दिवसाविषयी. मृग नक्षत्र ७ जूनच्या सुमारास लागते. मुंबईस मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख हवामान खाते पुष्कळ वर्षे १० जून धरीत असे, २०२० पासून ते ११ जून धरते. पण एखाद्या वर्षी पाऊस मेअखेरीसच दाराशी उभा राहतो आणि एखाद्या वर्षी जूनचे तीन आठवडे कोरडे जातात. शिवाय आला म्हणजे सारखा पडतो असेही नाही. पुनर्वसूचा तो 'तरणा' पाऊस, पुष्याचा तो 'म्हातारा', मध्येच आठ-आठ दिवसांची उघडीप, आणि उघडीप पाहून कपडे वाळत घातले की लगेच सर. पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहन दिलेले असे. बेडूक, म्हैस, हत्ती हे पाणी आणणारे. कोल्हा, मेंढा हे ओढ देणारे. शेजारच्या भटजींकडे जाऊन यंदा कोणते वाहन आहे हे विचारण्यात आपल्या मंडळींना काही वावगे वाटले असेल असे मला वाटत नाही. शेत सर्वांचे एकाच आभाळाखाली होते.

मृगाच्या आधीची जी धांदल तिला आपल्याकडे आगोट म्हणत. घर शाकारायचे, लाकूडफाटा पडवीत रचायचा, मीठ-मिरची भरून ठेवायची, पापड-सांडगे वाळवायचे, खवल्याची सुकी मासळी डब्यात बंद करायची. आपल्या लोकांचा धंदा तेलाचा. 'शनवार तेली' हे नाव त्यावरूनच पडले. घाणा छपराखाली चालतो हे खरे, पण तीळ आणि खोबरे उन्हात चांगले तापल्याशिवाय घाण्यात घालता येत नाहीत. दमट खोबऱ्याला बुरशी येते. तेव्हा शनवार सोडून आठवड्याचे सहा दिवस काम करणाऱ्या तेल्याला सातव्या दिवसाची सुट्टी तोरेप्रमाणे मिळे, आणि पावसाळ्यात बाकीच्या सहांपैकी किती दिवस उन्हाचे मिळतील ते आभाळ ठरवी.

हवा मोजण्याचे शास्त्र मुंबईस लवकर आले. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यायच्या ठरल्या तेव्हा त्या विजेने चुंबकसूचीत बिघाड होईल म्हणून पृथ्वीचे चुंबकत्व मोजण्याचे काम १९०४ साली अलिबागेस हलवले. अलिबागची ती चुंबकीय वेधशाळा जगभर नावाजलेली आहे. नाव वेधशाळा, त्यामुळे ती पाऊस सांगत असावी असा पुष्कळांचा समज होतो, परंतु तिचे मूळ काम निराळे. पाऊस सांगण्याचे काम अजूनही अवघडच आहे. २६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला कुलाब्यास अवघा ७३. त्या पुरात पनवेलच्या बेथ एल मशिदीत पाणी शिरले आणि सेफर तोरांचे नुकसान झाले. बीरशेव्यात राहणाऱ्या वाचकांनी हा आकडा असा समजून घ्यावा: तेथे वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे त्यांच्या चार वर्षांहून अधिक काळाचे पाणी सांताक्रूझला एका दिवसात पडले.

आता सणांकडे वळू. आपले पंचांग आणि कोकणातल्या शेजाऱ्यांचे पंचांग दोन्ही चंद्राचे महिने धरणारी आणि अधिक महिना घालून सूर्याशी मेळ राखणारी. त्यामुळे पुरीम बहुधा होळीच्या पुनवेला येतो, पेसह चैत्री पुनवेच्या आसपास, रोश हशाना घटस्थापनेजवळ, किप्पूर दसऱ्याजवळ आणि सुक्कोथ कोजागिरीजवळ. अधिक महिन्याच्या फरकाने कधी एक महिन्याचे अंतर पडते, एरवी हा मेळ चुकत नाही. पुरीमला आपल्या जुन्या मंडळींनी 'होळीचा सण' म्हटले ते काही उगाच नव्हे. पोथी नसतानाही चंद्राकडे आणि शेजाऱ्याच्या अंगणाकडे पाहून सणाचा दिवस समजत असे.

या जुन्या नावांत पावसाची ओल किती आहे ते पाहावे. आब महिन्याच्या नवव्या दिवसाला, बेथ हमिकदाशच्या दुखवट्याच्या दिवसाला, आपल्याकडे 'बिरड्याचा' सण म्हणत. आबचे पहिले नऊ दिवस मांस वर्ज्य, आणि ताटात वालाचे बिरडे. हे दिवस श्रावणाच्या सुमाराचे. कोकणात भात कापल्यावर जमिनीतल्या उरल्या ओलाव्यावर वाल पिकतो; तो वाळवून ठेवला की पावसाळाभर पुरतो. श्रावणात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, ताजी मासळी नसते, भाजी थोडी. अशा दिवसांत मांसही सोडायचे तर घरात उरते काय? कडधान्य. यहुदाच्या दुःखाचा सण आणि कोकणातल्या पावसाळ्याची बेगमी यांची गाठ वालाच्या एका वाटीत पडली, असा माझा तर्क आहे. ज्याला तो पटत नसेल त्याने आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात ऑगस्टमध्ये दुसरे काय असे ते आठवून पाहावे.

दुसरा सण खिरीचा. तिश्रीच्या चौथ्या दिवशी नव्या धान्याची, नारळाच्या दुधाची गोड खीर करीत, धूप जाळीत आणि शेमा म्हणत. कै. हायेम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहिलेला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेलेला आपल्या समाजाचा इतिहास ज्यांनी चाळला आहे त्यांना ही माहिती नवी नाही. पुष्कळ अभ्यासक असे मानतात की खिरीचा सण हा आपल्यातल्या जुन्या सुक्कोथचाच अवशेष. पोथ्या नव्हत्या म्हणून मांडवाचा विसर पडला, असे सांगतात. ते खरे असेल. पण मला आणखी एक कारण दिसते, आणि ते हस्त नक्षत्राचे.

हस्त २७ सप्टेंबरच्या सुमारास लागतो. हा हत्तीचा पाऊस. सकाळी कडक ऊन, दुपारी पूर्वेकडे सह्याद्रीवर काळे ढग, संध्याकाळी कडकडाट आणि धो धो सरी. सुक्कोथ सप्टेंबरच्या विसाव्या तारखेच्या पुढेमागे आला तर पावसाळा अजून गेलेलाच नसतो, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आला तर हत्ती सोंड हलवीत उभा असतो, आणि ऑक्टोबरच्या मध्यावर आला तरच मांडवात बसून जेवण्याची काही खात्री. कोकणातला माणूस छप्पर घालतो ते पाणी आत येऊ नये म्हणून. सुक्कोथच्या मांडवाचे छप्पर विरळ हवे, रात्री त्यातून तारे दिसावेत. अशा मांडवात हस्ताच्या पावसात सात दिवस राहण्याची आज्ञा ज्या लोकांना पुस्तकातून वाचता येत नव्हती, त्यांनी ती खिरीच्या वाटीत घरात आणून ठेवली असेल तर नवल कसले?

यात आपल्या पूर्वजांना कमीपणा मानण्याचे कारण नाही, कारण मांडवात पाऊस ही अडचण खुद्द इस्रायलमध्येही विचारात घेतलेली आहे. मिश्नाच्या सुक्का नावाच्या भागात प्रश्न येतो: पाऊस लागला तर मांडव सोडून घरात केव्हा जावे? उत्तर एखाद्या गृहिणीने द्यावे तसे आहे. ताटातली पेज पाण्याने बिघडू लागली की उठावे. पण त्यापुढची उपमा गंभीर आहे. तो पाऊस म्हणजे धन्यासाठी पेला भरायला गेलेल्या नोकराच्या तोंडावर धन्याने सुरई ओतावी तसा, असे तेथे सांगितले आहे. सुक्कोथात पडलेला पाऊस हे नाराजीचे चिन्ह. कोकणात ही उपमा घेतली तर दर दोन-तीन वर्षांनी धनी नाराज होतो असे म्हणावे लागेल! पुढे कोचीनचे शिक्षक आले, १७९६ साली मुंबईस सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिली मशीद बांधली, छापील पुस्तके मिळू लागली, आणि मशिदीच्या आवारात नारळाच्या झावळ्यांचा मांडव उभा राहू लागला. पावसाची सर आली की लगबगीने मशिदीत शिरणे हेही मग सणाचाच भाग होऊन बसले.

मागण्याच्या पावसाची कथा याहून मौजेची आहे. शेमिनी असेरेथच्या दिवशी हझान गेशेमची तफिला म्हणतो आणि पावसाळ्याची सुरुवात करून देतो. पेसहच्या पहिल्या दिवशी तालची, म्हणजे दवाची तफिला होते आणि पावसाचे नाव थांबते. हा इस्रायल देशाचा ऋतुक्रम. तेथे ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस, योरे. मार्च-एप्रिलात शेवटचा, मालकोश. मधले सारे पाणी हिवाळ्याचे. तोरेतच सांगितले आहे की तो देश मिसरासारखा नदीच्या पाण्यावर जगणारा नाही, आभाळातून पडेल ते पाणी पिणारा आहे. तेव्हा तेथल्या शेतकऱ्याला शेमिनी असेरेथला पाऊस हवाच असतो. आणि कोकणात? त्याच आठवड्यात भात पिवळे होऊन कापणीला आलेले. आता आभाळ उघडे राहावे, कापलेली रोपे शेतात भिजू नयेत, म्हणून शेजारी देवाला नारळ कबूल करीत आहे, आणि आपला माणूस मशिदीत उभा राहून पावसाची स्तुती करीत आहे. हिब्रू समजत नव्हते तोवर ठीक होते. १८४६ साली मुंबईत हग्गादा मराठीत आला आणि पुढे तफिलांचीही भाषांतरे झाली, तेव्हा आपण काय मागत आहोत हे वाचून एखादा भातवाला क्षणभर तरी थबकला असेल.

परंतु स्तुती वेगळी आणि मागणी वेगळी, हा भेद आपल्या जुन्या गुरूंनी फार काळजीपूर्वक केला आहे. शेमिनी असेरेथला पावसाचे सामर्थ्य सांगायचे. 'पाऊस दे' असे मात्र लगेच म्हणायचे नाही. इस्रायल देशात ती मागणी हेश्वानच्या सातव्या रात्रीपासून होते, म्हणजे सणानंतर पंधरा दिवसांनी. का? मिश्नाच्या तानीथ भागात कारण दिले आहे. सुक्कोथसाठी लांबलांबून लोक पायी येरुशलेमला येत. त्यांच्यातला शेवटला यात्रेकरू फरात नदीपर्यंत, आपल्या घराजवळ, पोचावा म्हणून पंधरा दिवस थांबायचे. सगळ्या देशाची जमीन तहानलेली, तरी एका वाटसरूचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून मागणी पुढे ढकलली. मला हा नियम आपल्या साऱ्या धर्मशास्त्रातला फार आवडता आहे.

याच्या उलट बाजूही पाहा. किप्पूरच्या दिवशी कोहेन गादोल पवित्र स्थानातून बाहेर येताना एक छोटी प्रार्थना करीत असे, आणि तालमुदात तिच्यात एक मागणी सांगितली आहे: पावसाच्या बाबतीत वाटसरूंची प्रार्थना ऐकू नकोस. कारण रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपल्यापुरते 'आज नको' म्हणतो, आणि सगळ्यांचे ऐकले तर शेती बुडेल. शारोन प्रांतातल्या लोकांसाठी आणखी एक वेगळी मागणी होती, की त्यांची घरे त्यांच्या कबरी न होवोत. ती घरे मातीची, जोराच्या पावसात कोसळणारी. एकाच पावसाविषयी शेतकरी, वाटसरू आणि मातीच्या घरात राहणारा असे तीन माणसे तीन गोष्टी मागतात, आणि तिघांचेही ऐकून घेतले गेले आहे.

बेत पावसाने मोडल्याची सर्वांत जुनी सार्वजनिक नोंद कदाचित आपल्याच ग्रंथात असेल. एज्राच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात, किसलेव महिन्याच्या विसाव्या दिवशी, यहुदा आणि बिन्यामीनचे सगळे पुरुष येरुशलेमच्या चौकात सभेला जमले. विषय मोठा नाजूक होता, परकीय बायकांचा. लोक त्या विषयाने थरथरत होते आणि पावसानेही. शेवटी त्यांनी एज्राला सांगितले की हा पावसाचा मोसम आहे, बाहेर उभे राहवत नाही, आणि काम एक-दोन दिवसांत उरकणारे नाही. तेव्हा अधिकाऱ्यांनी गावोगावच्या लोकांना ठरलेल्या वेळी बोलवावे. सभा तहकूब झाली. समाजाच्या वार्षिक सभांना ज्यांनी हजेरी लावली आहे त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

इस्रायलबाहेर राहणाऱ्यांनी मागणी केव्हा करायची याचा नियम बाबेलच्या हवेवरून ठरला आहे. शरद ऋतूच्या आरंभापासून साठ दिवस मोजायचे. हल्लीच्या तारखांप्रमाणे तो दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो. बाबेलला ते सोयीचे होते. कोकणात डिसेंबर म्हणजे पोपटीचा महिना सुरू व्हायची वेळ. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी घालून शेतात जाळ करायचा आणि थंडीत भोवती बसायचे. अशा कोरड्या, चांदण्या रात्री जेवायला निघालेला माणूस संध्याकाळच्या तफिलात पाऊस मागून यायचा. आणि जून महिन्यात, जेव्हा खरोखर आभाळाकडे डोळे लागलेले असत, तेव्हा तफिलात पावसाचे नाव नाही!

असा पेच आपल्यावरच आला असे नाही. तालमुदात नीनवेच्या लोकांचा प्रश्न नोंदलेला आहे. त्यांनी रब्बी यहुदा हनासी यांना विचारले की आम्हाला तामुझच्या दिवसांतही पाऊस लागतो, तर आम्ही काय करावे? उत्तर मिळाले की 'शोमेया तफिला' या आशीर्वादात, जेथे प्रत्येकजण स्वतःची गरज मांडतो, तेथे मागावे. साऱ्या समाजाच्या ठरलेल्या मागणीला हात लावू नये. स्पेनमध्ये तोलेदोच्या रब्बी आशेर यांनी १३१३ साली दुष्काळ पाहून हा नियम बदलावा म्हणून खटपट केली, पण लोकांनी मानले नाही. नीनवेची वाट आपल्या मंडळींनाही मोकळी होती. अलिबागच्या तेल्याने मृग कोरडा गेल्यावर शोमेया तफिलाशी थांबून मनात काय म्हटले असेल, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

लग्नांचा हिशेब याहून बिकट. कोकणात लग्नसराई वैशाखात, कारण जमीन कोरडी, शेतीचे काम नाही, आणि अंगणात मांडव निर्धास्त घालता येतो. पण पेसहपासून शवुओथपर्यंत ओमेरचे दिवस. ते पाळू लागल्यावर वैशाख हातचा गेला. लाग बाओमेरच्या सुमारास थोडी सवड मिळते. शवुओथ साधारण मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कधीही येतो, आणि तो होतो न होतो तोच मृग. मग मांडवावर ताडपत्री, मेंदीच्या रात्री अंगणात चिखल, वरातीत घोड्याचे पाय घसरतात. पुढे तामुझच्या सतराव्यापासून आबच्या नवव्यापर्यंत पुन्हा बंदी. म्हणून मग हनुक्का ते पुरीम हा हिवाळ्याचा काळ सोयीचा. इस्रायलला आल्यावर हे गणित नेमके उलटे झाले. येथे हिवाळ्यात मांडव घालणे धोक्याचे, आणि उन्हाळ्यात आबची नवमी उलटली की ऑगस्टच्या कोणत्याही संध्याकाळी उघड्यावर लग्न काढावे, आभाळाकडे पाहण्याचेही कारण नाही.

हे झाले सोयी-गैरसोयींचे. समुद्राची गोष्ट वेगळी. आपल्या इतिहासाचा आरंभच एका फुटलेल्या जहाजाने होतो. चौलच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याला सात पुरुष आणि सात बायका लागल्या, बाकीचे बुडाले आणि नवगावलाच पुरले गेले, ही परंपरा प्रत्येक घरात सांगतात. ज्या खडकाळ किनाऱ्याने ते जहाज घेतले, त्याच पाण्यातून पुढे शतकानुशतके आपली माणसे मुंबईस येत-जात राहिली. रस्ता खाड्यांनी तुटलेला, म्हणून गलबत, पडाव, आणि नंतर आगबोट. पावसाळा आला की दक्षिणेकडची बंदरे बंद होत. नारळी पुनवेला कोळी सोन्याचा नारळ वाहत तेव्हा दर्या उघडे. रेवसचा धक्का मुंबईला जवळचा, म्हणून ती फेरी पावसातही चालू असे.

१७ जुलै १९४७ रोजी सकाळी 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायला सुटली. आषाढी अमावास्या होती. मुंबईतले चाकरमानी, गिरणी कामगार, मासळी विकून परतणाऱ्या कोळणी, सगळे सणाला घरी निघाले होते. आपल्या पंचांगात ती तामुझची अखेर होती, दुसऱ्या दिवशी रोश होदेश आब. काशाच्या खडकाजवळ वादळी वारा आणि लाटा यांनी बोट कलली. भेदरलेले उतारू एका बाजूला धावले आणि ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसे गेली. एक महिन्याने देश स्वतंत्र झाला आणि त्या आनंदात रामदासची बातमी मागे पडली, पण अलिबाग, थळ, रेवसकडच्या घरांत ती विसरली गेली नाही. तासा-दीड तासाचा प्रवास, रोजची फेरी, सणाचा दिवस आणि 'जरा जोराचा वारा आहे' इतकेच. घरी पोचण्याची ओढ असली की माणूस आभाळाकडे पाहतो आणि आपल्याला हवे ते त्यात वाचतो.

त्यानंतर साधने खूप सुधारली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्याची खबर आधीच मिळाली होती आणि होड्या माघारी बोलावल्या होत्या. श्रीवर्धन, मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा मात्र आडव्या झाल्या. झाडांना कोण माघारी बोलावणार?

वारा-पावसाच्या या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांनी सगळ्या नब्यांमधून एलियाहू हन्नाबीला जवळ केले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. नवस त्याचा, मलिदा त्याच्या नावाचा. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या आणि घोड्यांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा. त्या जागेला 'एलियाहू हन्नाबीचा टापा' म्हणतात. एलियाहू हा मुळात पावसाचा नबी. अहाब राजाच्या वेळी त्याच्या शब्दाने पाऊस बंद झाला आणि त्याच्याच प्रार्थनेने सुरू झाला. कार्मेल डोंगरावर त्याने आपल्या गड्याला सात वेळा समुद्राकडे पाहायला पाठवले. सातव्या खेपेला पश्चिमेच्या क्षितिजावर माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसला. तेवढ्यावर एलियाहूने अहाबला निरोप पाठवला की रथ जुंप आणि खाली उतर, नाहीतर पाऊस तुला अडवील. इज्रएलच्या खोऱ्यातली काळी माती भिजली की चाके रुततात, हे नबीला ठाऊक होते. पश्चिमेच्या समुद्रावरचा लहान ढग पाहून वेळीच निघण्याचा सल्ला देणारा नबी कोकणातल्या माणसाला आपला वाटला नसता तरच आश्चर्य.

एलियाहूचा उरूस तू बिश्वातला. त्या दिवशी टाप्यावर उघड्यावर बसून मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, वेलची, वर फळे. कोकणात तो दिवस माघाच्या सुमारास येतो. आभाळ स्वच्छ, वारा गार, पावसाची चिंता नाही. इस्रायलमध्ये हाच तू बिश्वात भर पावसाळ्यात येतो. शाळेची मुले रोपे लावायला निघतात आणि गमबुटांसकट चिखलात रुततात, कधी कार्यक्रम पुढे ढकलावा लागतो. सण एक, दिवस एक.

आपली मंडळी १९४८ नंतर येथे येऊ लागली तेव्हा या हवेने त्यांना चांगलेच चकवले. फेब्रुवारी १९५० मध्ये तर येरुशलेमच काय, तेल अवीवलाही बर्फ पडले; नवागतांच्या छावण्यांतल्या तंबूंचे हाल झाले. पाऊस म्हणजे उकाड्यातून सुटका, ही मुंबईकरांची समजूत. येथे पाऊस थंडी घेऊन येतो. आणि नंतर दिमोना, येरुहाम, बीरशेवा येथे घरे मिळाली तेव्हा प्रश्न उलटाच, पाऊस आहे कुठे? बायकांनी मात्र एक फायदा तत्काळ ओळखला. पापड, सांडगे, मिरच्या, वाल, जे वाळवायचे ते बाल्कनीत टाकावे आणि चार महिने निश्चिंत असावे. आगोट हा शब्द त्यामुळेच आपल्या पुढच्या पिढीच्या तोंडून गेला.

पण नेगेवची कोरडी हवा फसवी आहे. वाद्यांतून पाणी येते ते आपल्या डोक्यावर पडलेल्या पावसाचे नसते. दहा-वीस मैलांवर डोंगरात सर कोसळते आणि खाली लख्ख उन्हात उभ्या असलेल्या माणसावर पाण्याची भिंत येते. दगडाळ जमिनीत पाणी मुरत नाही, सारे अरुंद घळीत उतरते. २६ एप्रिल २०१८ रोजी, दिमोनाच्या पूर्वेस मृत समुद्राच्या दक्षिण टोकाजवळ, नहाल त्साफीतमध्ये सहलीला नेलेली दहा तरुण मुले अशा पुरात गेली. पुराचा इशारा आधी दिलेला होता. सहल रद्द झाली नाही. पेसह होऊन गेला होता, तालची तफिला म्हणून झाली होती, तफिलातल्या पंचांगाप्रमाणे पाऊस संपला होता.

येथे आता तफिला आणि आभाळ एकमेकांशी बोलतात, निदान बोलायचा प्रयत्न करतात. शेमिनी असेरेथनंतर बाहेर आले की कधीकधी खरोखर दोन थेंब अंगावर पडतात. हेश्वानच्या सातव्या रात्री मागणी सुरू होते. फरात नदीकडे पायी परतणारा आता कोणी नाही, तरी पंधरा दिवस थांबतातच. तिकडे मुंबई, ठाणे, अलिबागच्या मशिदींत मात्र डिसेंबरपर्यंत थांबायचे असते. हल्ली आपल्यातले पुष्कळजण सुक्कोथ आटोपून नोव्हेंबरात कोकणात जाऊन येतात, नवगावला आणि टाप्यावर डोके टेकतात. येथून निघताना ते पाऊस मागू लागलेले असतात आणि तेथल्या मशिदीत अजून कोणी मागत नसतो. अशा प्रवाशाने काय म्हणावे यावर रब्बींची मते वेगवेगळी आहेत. तो परत कधी येणार, घरदार कुठे आहे, यावर ते ठरते. निघण्यापूर्वी आपल्या मशिदीतल्या रब्बींना विचारून घ्यावे. छत्री मात्र त्या दिवसांत कोकणात लागत नाही.